गाडीतला स्टिरिओ चालता चालता बंद पडतो आणि आपोआप सुरू होतो: दोष सेटमध्ये की वायरिंगमध्ये?

प्रश्न (अंबाजोगाई)

नमस्कार. माझी 2013 सालची पेट्रोल गाडी आहे आणि तिच्यात दोन वर्षांपूर्वी बाहेरून विकत घेतलेला स्टिरिओ बसवून घेतला आहे. गेल्या दिवाळीपासून तो मध्येच पूर्ण बंद पडतो, म्हणजे आवाजासोबत पडद्यावरचा उजेडही जातो, आणि कधी काही सेकंदांनी तर कधी दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो. अंबाजोगाईहून लातूरला जाताना एखाद्या दिवशी काहीच होत नाही, तर एखाद्या दिवशी रेणापूर येईपर्यंत चार वेळा बंद पडतो. गाडी गतिरोधकावर आदळल्यामुळे असे होते असे आधी वाटले होते, परंतु उभ्या गाडीतही तो बंद पडलेला मी पाहिला आहे. ऊन वाढल्यापासून प्रकार वाढला आहे. ज्या दुकानात बसवला तिथे फ्यूज बदलून दिला आणि उपयोग झाला नाही तेव्हा सेटच खराब झाला असल्याचे सांगितले. नवा घेण्याची तयारी आहे, पण त्याच वायरवर नवा सेटही असाच वागला तर पैसे पाण्यात जातील. आधी काय तपासावे?

उत्तर 1 (लातूर, ऑटो इलेक्ट्रिशियन)

नवा सेट घेण्याची घाई करू नका. सेट बंद पडून परत सुरू होतो तेव्हा घड्याळाची वेळ आणि साठवलेली स्टेशने शिल्लक राहतात की पुसली जातात, हे आधी पाहा, कारण निम्मे निदान तिथेच होते. बाहेरून घेतलेल्या सेटच्या बाजूच्या वायरींमध्ये साधारणपणे पिवळी वायर थेट बॅटरीकडून कायमचा पुरवठा घेते आणि त्यावरच सेटची स्मरणशक्ती टिकते. लाल वायर किल्ली फिरवल्यावर सेट सुरू करण्याचा इशारा देते. आणि काळी वायर म्हणजे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत जाण्याची वाट. सेट बंद पडूनही वेळ शाबूत राहत असेल तर लाल वायरीचा मार्ग, म्हणजे किल्लीच्या स्विचपासून सेटच्या कपलरपर्यंतचे (वायरी जोडायच्या प्लगपर्यंतचे) सांधे, संशयित ठरतात. वेळ पुसली जात असेल तर लाल वायर सोडून द्या आणि पिवळ्या व काळ्या वायरीकडे वळा. मात्र हे रंग सेटच्या बाजूचे आहेत. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर भरवसा ठेवून वायर जोडू नये. स्टिअरिंगखाली पिवळ्या वेष्टनातले कपलर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नका आणि मीटरही लावू नका.

उत्तर 2 (परभणी)

माझ्या गाडीत लक्षण थोडे निराळे होते, तरी सांगून ठेवतो. आवाज वाढवला की सेट बोलायचा थांबत असे, पण पडदा चालू राहत असे. दार उघडझाप करून बिजागरीजवळच्या रबरी नळीत स्पीकरच्या वायरीचे वेष्टन फाटले होते आणि तांबे दाराच्या पत्र्याला टेकत होते, त्यामुळे सेट स्वतःच्या बचावासाठी आवाज तोडत होता. तुमच्याकडे पडद्याचा उजेडही जातो, म्हणून हे कारण कमी संभवते. गाडी शेतात उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हे मात्र बघाच. ऊस तुटला की आमच्याकडे ते सरळ बॉनेटखाली मुक्कामाला येतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पाच वेळा लक्ष ठेवले. तीन वेळा घड्याळ शून्यावर गेले, दोन वेळा वेळ तशीच राहिली. उंदराची खूण कुठे दिसली नाही. सेट बाहेर काढून मल्टिमीटर लावला तर पिवळ्या आणि काळ्या वायरीत 12.5 व्होल्ट, लाल आणि काळ्यातही तेवढेच. म्हणजे पुरवठा ठीक आहे आणि दुकानदाराचेच म्हणणे खरे, असे समजावे का? आणखी एक गोष्ट, कदाचित तिचा याच्याशी संबंध नसेल: हल्ली ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो.

उत्तर 1 (लातूर)

ती शिट्टी तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. इंजिनाच्या गतीबरोबर चढणारा तो आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा असतो आणि बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमुळेच तो सेटमध्ये शिरतो. काळी वायर नीट जोडलेली नसली तरी सेट पूर्ण मरत नाही, कारण अँटेनाच्या केबलवरची जाळी गाडीच्या पत्र्याला टेकलेली असते आणि सेट त्या चोरवाटेने अर्थ घेऊन कसाबसा चालतो. आवाज वाढला आणि जास्त करंट लागला की ती वाट पुरत नाही. कधी घड्याळ जाणे आणि कधी राहणे याचाही उलगडा यातून होतो, कारण व्होल्टेज किती खाली गेले यावर ते ठरते.

तुमच्या मीटरचे वाचन खोटे नाही, पण ते फसवे आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीचा एक केस शिल्लक असला तरी तो 12.5 दाखवणारच. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी लावून पिवळ्या आणि काळ्यामध्ये जोडा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. मग तोच बल्ब पिवळी वायर आणि थेट बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये लांब वायरीने लावा. पहिल्या वेळी मंद आणि दुसऱ्या वेळी लख्ख पेटला, तर दोष काळ्या वायरीत आहे. त्यानंतर सेट जोडून मोठ्या आवाजात चालू ठेवा आणि काळी वायर ते बॅटरीचे निगेटिव्ह यांतला फरक मोजा. तो 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत असावा. मोजताना डॅशबोर्डमागच्या वायरी हाताने हलवत राहा, कारण लूज कॉन्टॅक्ट स्थिर वायरीत सापडत नाही.

प्रश्नकर्ता

सापडले. बल्ब तुम्ही म्हणालात तसाच मंद पेटला. सेट चालू असताना फरक 1.3 व्होल्ट आला आणि वायर हलवताच 4 व्होल्टपर्यंत जाऊन सेट डोळ्यांदेखत बंद पडला. काळी वायर डॅशबोर्डमागच्या एका रंगवलेल्या पट्टीवर नुसती गुंडाळून स्क्रूखाली दाबली होती आणि मध्ये एक जोड पीळ देऊन टेपने गुंडाळला होता. उन्हाने टेपचा डिंक वितळून तो जोड सुटत आला होता. बॅटरीचे निगेटिव्ह काढून ठेवले, पट्टीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, वायरीला लग (टोकाची धातूची कडी) दाबून दात असलेल्या वॉशरखाली घट्ट बसवली आणि जोडाला डाख देऊन वर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आवळून बसणारी) चढवली. आता फरक 0.05 व्होल्ट येतो. शिट्टी त्याच क्षणी थांबली. लातूरच्या चार फेऱ्यांत सेट एकदाही बंद पडला नाही. मात्र स्टार्टर मारताना तो क्षणभर जातो. त्याचे काय करावे? शिवाय दुकानदाराने लावलेला फ्यूज पिवळा, 20 अँपिअरचा निघाला.

उत्तर 1 (लातूर)

स्टार्टर फिरताना बहुतेक गाड्यांत लाल वायरीचा पुरवठा तात्पुरता तोडला जातो, त्यामुळे तेव्हा सेट जाणे हा दोष नाही. त्या वेळी घड्याळही पुसले गेले तर बॅटरी उतरली आहे असे समजा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर 9.6 व्होल्टपेक्षा कमी मिळत असेल तर ती तपासून घ्या. फ्यूज मात्र आजच बदला. सेटच्या माहितीपत्रकात आणि फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर जो आकडा असेल त्यापेक्षा मोठा फ्यूज त्या जागी चालत नाही, कारण शॉर्ट झाल्यावर तो वितळण्याऐवजी वायर वितळते. 10 अँपिअरचा फ्यूज लाल आणि 15 चा निळा असतो.

प्रश्नकर्ता

झाकणावर 15 लिहिले आहे. निळा लावला.