मदत हवी आहे : बाबांसाठी एरेड्स-२च्या गोळ्या, पण बीटा कॅरोटिन नको

बाबा ७१ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांना ड्राय एएमडी (पडद्याच्या मधल्या भागाची झीज), मधली पायरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालंय, चष्म्याचा नंबर तपासलाय, तेव्हा ते प्रश्न नकोत. डॉक्टरांनी 'एरेड्स-२ फॉर्म्युला' (एएमडीवरच्या अमेरिकन अभ्यासातून ठरलेलं जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) एवढंच लिहून दिलं.

मूळ प्रमाण रोजचं असं: व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, ई ४०० युनिट, झिंक ८० मिग्रॅ, तांबं २ मिग्रॅ, ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिग्रॅ (ही दोन डोळ्याच्या पडद्यातली पिवळी रंगद्रव्यं). तीन मेडिकल पालथी घातली. एकाकडच्या गोळीत ल्युटिन-झियाझँथिन बरोबर, पण झिंक अगदीच नावाला आणि ई गायब. दुसरीत बीटा कॅरोटिन (शरीरात व्हिटॅमिन ए बनवणारं नारिंगी रंगद्रव्य). बाबांनी तीस वर्षं बिडी ओढलीय, सोडून सहा वर्षं झाली. अशांना बीटा कॅरोटिनने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून तर २०१३च्या एरेड्स-२ अभ्यासानंतर त्याजागी ल्युटिन-झियाझँथिन आलं. दुकानदार म्हणतो, "सगळं एकच असतं हो." नसतं!

गाजर, पालक, शेवग्याचा पाला रोज चालूच आहे. कृपया तेच सुचवू नका. पोट नाजूक आहे, ८० मिग्रॅ झिंक एकदम झेपणार नाही. रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, त्यामुळे व्हिटॅमिन ईबद्दल डॉक्टरांना पुन्हा विचारणार आहोतच.

तुमच्या घरी कुणी हे घेत असेल तर सांगा: बीटा कॅरोटिन नसलेली, दिवसातून दोनदा विभागून घेता येणारी गोळी इथे कोणत्या नावाने मिळते, आणि तिच्या पाकिटावर झिंक नेमकं किती लिहिलंय?