रात्रपाळीच्या वॉर्डात पवित्र देवाची उपासना होते का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण याहून लहान करता आला नाही.

मी नर्स आहे. आमचा वॉर्ड अंथरुणाला खिळलेल्यांचा, आणि इथले बरेचसे रुग्ण परत घरी जात नाहीत. रात्रीचं काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, कॅथेटरची पिशवी, पाठीवरच्या जखमांचं ड्रेसिंग, घशात साठलेला कफ सक्शनने काढणं. पहाटे कोणी गेलं तर नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, हनुवटी बांधायची, नातेवाइकांना बघवेल असं त्यांना नीट ठेवायचं. रविवारची उपासना बहुतेक वेळा ड्यूटीत नाहीतर झोपेत जाते. त्यामुळे माझी जी काही भक्ती होते ती वॉर्डातच, हात चालू असताना.

सध्या बायबलमधलं लेवीय हे पुस्तक ओळीने वाचते आहे. ११ ते १५ हे अध्याय वाचताना मी थांबत थांबत पुढे गेले, कारण त्यात माझी अख्खी रात्र लिहिलेली आहे. वाहणारी जखम, स्राव, रक्त, त्याने भिजलेलं अंथरूण, ते अंथरूण उचलणारा माणूस. पुढे गणना या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तर प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. मी त्या काळी असते तर निवासमंडपाजवळ, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूजवळ, जायचा दिवस मला क्वचितच मिळाला असता.

ते नियम आता आपल्यावर नाहीत, हे मला माहीत आहे. प्रश्न तो नाही. नियम गेले तरी देव तोच आहे ना? ज्याच्यासमोर सेराफीम, म्हणजे पंखवाले देवदूत, तोंड झाकतात, ज्याच्यासमोर परका, म्हणजे त्याने न सांगितलेला, अग्नी आणला म्हणून मुख्य याजक अहरोनाचे दोन मुलगे जागच्या जागी मेले, तोच. मग एका आजोबांच्या कमरेखाली ग्लोव्ह घातलेला हात असताना मी मनात म्हणते, ‘तुझे नाव पवित्र मानले जावो,’ ती उपासना आहे, की उपासना जमत नाही म्हणून केलेली भरपाई?

‘देव समजून घेतो’ असं मला पुष्कळांनी सांगितलंय. तो समजून घेतो यावर माझा विश्वास आहे. पण त्या उत्तरात देवाची पवित्रता लहान होते असं मला वाटतं. मला तो मोठाच हवा आहे, आणि वॉर्डातही हवा आहे. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते कोणी सांगेल का?

भल्या_पहाटे

ताई, १ शमुवेल १६:७. मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. तुमचे हात कशात आहेत यापेक्षा मन कुठे आहे ते महत्त्वाचं. मन साफ ठेवा, बाकी काळजी करू नका.

रात्रपाळी

धन्यवाद. पण माझं मनही रात्री तीनला फार साफ नसतं. दमलेलं असतं, कधी चिडलेलं असतं. हात सोडून मनावर गेलं तरी अडचण तीच राहते.

जुना_करार_वाचक

रात्रपाळीताई, तुमचा प्रश्न यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाचाच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

तो अध्याय उज्जीया राजा मेला त्या वर्षीचा आहे, म्हणजे साधारण इ.स.पू. ७४०. हा उज्जीया कसा मेला ते २ इतिहास २६ मध्ये आहे. सत्ता वाढली तसा तो माजला, याजकांचं काम आपणच करायला मंदिरात धूप जाळायला शिरला, आणि धूपाटणं हातात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला, मंदिर त्याला कायमचं बंद झालं. त्याच वर्षी यशयाला परमेश्वराचं दर्शन होतं. सेराफीमांना सहा सहा पंख, त्यातले दोन तोंडावर, दोन पायांवर, उडायला उरले दोनच. उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरतं. आणि यशया ओरडतो की मी अशुद्ध ओठांचा आहे. आता लेवीय १३:४५ काढून बघा. कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं. मला ते दोन उतारे शेजारी ठेवूनच वाचता येतात. माझ्या मते यशयाला भीती वाटते ती हीच, की उज्जीयाचं झालं तेच आता माझं होणार.

पण तसं होत नाही. एक सेराफीम चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलतो आणि नेमका त्याच ओठांना लावतो. यशयाने आधी ओठ शुद्ध करून आणले नव्हते. पवित्रता वेदीवरून उठून अशुद्ध जागेपाशी आली, आणि ती जागा शुद्ध झाली. भाजलं असेलच, कारण निखारा तो निखारा.

हे नेहमीचं नव्हतं, याला पुरावा हाग्गय संदेष्ट्याचा. पारसचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५२० मध्ये, तो याजकांना दोन प्रश्न विचारतो (हाग्गय २:१२-१३). पदरात पवित्र मांस आहे आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? नाही. प्रेताला शिवलेल्या माणसाचा हात भाकरीला लागला, तर ती अशुद्ध होते का? होते. अशुद्धता पसरते, पवित्रता तशी पसरत नाही. ताई, तुमच्या मनात जे बसलंय ते याजकांचं उत्तरच आहे, आणि ते बरोबर उत्तर होतं.

आता मार्क १:४०. कुष्ठरोगी गुडघे टेकून विनंती करतो. येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग म्हणतो, ‘माझी इच्छा आहे, शुद्ध हो.’ नुसत्या शब्दाने तो बरा झाला असता. पण हात आधी गेला. मार्क ५ मध्ये बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई त्याच्या वस्त्राला शिवते. हाग्गयाच्या हिशेबाने तिच्यामुळे तो अशुद्ध व्हायचा, झालं उलटं.

शेवटचं खास तुमच्या पहाटेच्या कामासाठी. लेवीय २१ मध्ये साध्या याजकाला आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण यांच्या प्रेतासाठी अशुद्ध व्हायची मुभा आहे. मुख्य याजकाला तीही नाही, अगदी आईबापांसाठीही नाही (२१:११). इब्री लोकांस पत्र ज्याला आपला महान मुख्य याजक म्हणतं, त्याने याईराच्या मेलेल्या मुलीचा हात हातात धरला, नाईन गावच्या विधवेच्या मुलाच्या तिरडीला हात लावला. पवित्रता कमी करून तो तिथे गेला असं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. सगळ्यांत पवित्र तोच होता, म्हणून त्याला जाता आलं.

म्हणून माझं उत्तर असं आहे की तुम्हाला मोठा देव आणि वॉर्डातला देव यांत निवड करावी लागत नाही.

सांजप्रार्थना

मी बरीच वर्षं मंडळीत उपासना चालवतो. वरचं सगळं मान्य, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. पवित्रता जवळ आली म्हणजे ती सौम्य झाली असा अर्थ लोक पटकन काढतात. अहरोनाचे ते दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, मेल्यावर परमेश्वर म्हणतो की जे माझ्याजवळ येतात त्यांच्यामध्ये मी पवित्र ठरेन (लेवीय १०:३). जवळ येणाऱ्यांमध्ये, दूरच्यांमध्ये नव्हे. इब्री १० मध्ये धैर्याने आत या म्हणणारा लेखक दोनच अध्यायांनंतर आदराने व भयाने उपासना करा म्हणतो, आणि कारण देतो की आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. नव्या करारातलं वाक्य आहे हे. येशू मेला तेव्हा मंदिरातला पडदा फाटला, आतला देव तोच राहिला.

दुसरी. ‘माझं कामच माझी उपासना’ असं आपोआप होत नाही. काम काम असतं. ते देवाला अर्पण करावं लागतं, आणि अर्पण करायला तो कोण आहे हे आधी आठवावं लागतं. त्यासाठी ज्यात दुसरं काहीच नाही असा वेळही हवा. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास का होईना, हात रिकामे ठेवून, काही न मागता, फक्त तो पवित्र आहे म्हणून त्याच्यासमोर बसणं. वॉर्डातली प्रार्थना त्या अर्ध्या तासावर जगते असा माझा अनुभव आहे.

रात्रपाळी

हाग्गयाचं ते मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. काल रात्री एका आजींचं ड्रेसिंग करताना तेच डोक्यात होतं. जखम खोल आहे, वास येतो, त्यांना तो स्वतःला कळतो आणि त्या दर वेळी माझी माफी मागतात. काल त्यांनी ‘सॉरी’ म्हटल्यावर मला यशयाचं ओरडणं ऐकू आलं. तोपर्यंत मी स्वतःला यशया समजत होते, त्या आजी माझ्या लक्षातच आल्या नव्हत्या. मी ग्लोव्ह काढून हात धुतले आणि थोडा वेळ त्यांचा हात धरून बसले. ड्रेसिंग झालेलं होतं, त्या बसण्याची कामासाठी काही गरज नव्हती.

एक विचारते. रात्री लांब प्रार्थना मनात टिकत नाही, कोणाची तरी बेल वाजतेच. पवित्रतेबद्दल थोडक्या शब्दांत म्हणता येईल असं काही आहे का, जे पूर्वीपासून लोक म्हणत आलेत?

घंटानाद

आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत म्हणतात: ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवाना, पवित्र अमर देवा, आम्हांवर दया कर.’ तीनदा म्हणायचं. इ.स. ४५१ च्या खाल्सिदोनच्या धर्मसभेच्या वेळी ही प्रार्थना म्हटली गेल्याची नोंद आहे, म्हणजे किमान तेवढी जुनी. मृतदेह नेतानाही तीच गातात. तुमच्या वॉर्डात दोन्ही प्रसंगी चालेल.

आणि पवित्र प्रभुभोजनाच्या जुन्या विधीत, कॅथलिक, लुथरन आणि बऱ्याच अँग्लिकन मंडळ्यांत, महत्त्वाच्या प्रार्थनेच्या तोंडावर सेराफीमांचं ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ येतं आणि त्याला लागूनच ‘होसान्ना, परमेश्वराच्या नावाने येणारा धन्यवादित असो.’ पहिलं सिंहासनाभोवतीचं, दुसरं यरुशलेमेच्या वाटेवर गाढवामागून चाललेल्या गर्दीचं. ज्यांनी ही दोन एकत्र शिवली त्यांना तुमचा प्रश्न पडलेला असावा असं मला नेहमी वाटतं.

रात्रपाळी

तीनदा म्हणायला एक कूस बदलण्याएवढाच वेळ लागतो, करून बघितलं.

सांजप्रार्थना दादा, अर्ध्या तासाचं मान्य आहे. या आठवड्यापासून सुट्टीच्या सकाळी झोपण्याआधी तो ठेवतेय, फोन दुसऱ्या खोलीत. पण वॉर्डातली प्रार्थना त्या अर्ध्या तासावर जगते, हे मला अजून पटलेलं नाही. यशया मंदिरात होता हे खरं. मोशे मात्र मेंढरं चारत होता, आणि झुडूप पेटलेलं दिसलं ते त्या कामात असताना. पायांतले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे, हे त्याला चराऊ रानात सांगितलं गेलं. त्यावर तुमचं म्हणणं वाचायला आवडेल.