ऐरोलीतली नोकरी अचानक जातेय, राजीनामा लिहून देऊ का? सल्ला हवा आहे

कोलशेत_रोड
शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये बॅक ऑफिसला टीम लीड आहे, सहा वर्षं आठ महिने झाले. आमचा प्रोजेक्ट क्लायंटने काढून घेतला. एचआरचं म्हणणं, आता तुमच्यासाठी जागा नाही. स्वतःहून राजीनामा दिलात तर "पॅकेज" आणि चांगलं रिलीव्हिंग लेटर. नाही दिलात तर टर्मिनेशन, मग पुढच्या नोकरीत व्हेरिफिकेशनला अडचण येईल. हे सगळं तोंडी, कागदावर एक ओळ नाही.

घरचं सांगते. फ्लॅटचा हप्ता ४६ हजार. यांच्या पगारात घर चालतं, हप्ता निघत नाही. मुलगी दहावीला. सासरे ७२ वर्षांचे, अँजिओप्लास्टी झालेली, त्यांचा विमा माझ्याच कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. यांना सगळं माहीत आहे, सासूसासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

राजीनामा द्यावा का? विम्याचं काय करू? पीएफ काढून कर्ज कमी करावं का? रात्री झोप लागत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

वाशी_सेक्टर१७
ताई, बरीच वर्षं एचआरमध्ये काम केलंय, म्हणून त्या बाजूला काय चालतं ते सांगतो. शुक्रवार ही त्यांची तारीख आहे, कायद्याची नाही. तोंडी बोलण्यावर काही ठरवू नका. आज रात्रीच तुमच्या ऑफिसच्या ईमेलवरून एचआरला लिहा आणि स्वतःच्या खासगी ईमेलला सीसी ठेवा: "आजच्या मीटिंगमध्ये आपण सांगितलंत की प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे माझी जागा राहिलेली नाही. मला देय रकमांचा तपशील आणि पत्राचा मसुदा लेखी मिळावा, त्यानंतर मी उत्तर देईन." एवढंच. रागाचं एक वाक्यही नको.

दुसरं म्हणजे पॅकेजचा आकडा सोडवून घ्या. पुष्कळ ठिकाणी नोटीस पगार, साठलेल्या रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी एकत्र करून "आम्ही इतके देतोय" असं सांगतात. रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी तुमचीच आहे, राजीनामा दिलात तरी आणि त्यांनी काढलं तरी; नोटीस न देता त्यांनी काढलं तर नोटीस पगारही. ते वजा केल्यावर जे उरतं तेवढंच त्यांचं देणं. मी पाहिलंय, मोठ्या दिसणाऱ्या आकड्यातून हे वजा केलं की काही वेळा हातात फारसं काहीच राहत नाही.

ग्रॅच्युइटी स्वतः काढून बघा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेलं वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे तुमची सात वर्षं. मूळ पगार ४० हजार धरला तर १,६१,५३८ रुपये. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा, असं त्यात आहे. म्हणजे आकडा याहून वाढायला हवा. कोणत्या वेतनावर मोजलं ते लेखी विचारा.

वाशी_सेक्टर१७
एक राहिलं. लॅपटॉप आणि लॉगिन कधीही बंद होतं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, अपॉइंटमेंट लेटर, अप्रेझलची पत्रं, विम्याचं ई-कार्ड, हे तुमचे स्वतःचे कागद आजच उतरवून घ्या. कंपनीच्या किंवा क्लायंटच्या एकाही फाइलला हात लावू नका, तेवढंच कारण त्यांना पुरतं.

रबाळे_एमआयडीसी
वाशीकरांशी सहमत, पण राजीनाम्याबाबत मी ठाम आहे: देऊ नका. मी टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात युनियनचं काम केलंय. जागा त्यांनी कमी केली, मग "मी स्वखुशीने सोडते" असं तुम्ही का लिहायचं? स्वखुशीने सोडणाऱ्याला कपातीची भरपाई लागू होत नाही. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत शिवाय पुनर्कौशल्य निधी आला आहे: मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

वाशी_सेक्टर१७
रबाळेकर, हे "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. ताई टीम लीड आहेत. देखरेखीचं काम आणि पगार १८ हजारांच्या वर असेल तर त्या बाहेर जातात. त्यांना खोटी आशा नको.

रबाळे_एमआयडीसी
बरोबर, पण हुद्द्याच्या नावावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. लोकांच्या रजा मंजूर करता का? अप्रेझल लिहिता का? की दिवसभर स्वतःच क्लायंटच्या केसेस हाताळता आणि "लीड" फक्त सहीखाली आहे? ताई, याचं प्रामाणिक उत्तर एका कागदावर लिहा आणि ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा एखाद्या कामगार वकिलाला दाखवा. एका भेटीत चित्र स्पष्ट होईल. आणि पगाराचा मुद्दा तर व्याख्येच्या पलीकडचा आहे. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, हे मॅनेजरलाही लागू आहे. "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल" म्हणाले तर नम्रपणे ही तरतूद दाखवा.

सानपाडा_लोकल
व्हेरिफिकेशनच्या भीतीबद्दल लिहिते. माझी टर्मिनेशन लेटरवरच दुसरी नोकरी लागली. पत्रात "प्रोजेक्ट बंद झाल्याने" असं स्पष्ट होतं, नव्या कंपनीने एक प्रश्न विचारला आणि विषय संपला. त्रास होतो तो गैरवर्तन किंवा कामातली कमतरता लिहिली तर. त्यामुळे राजीनामा की टर्मिनेशन यापेक्षा पत्रात कारण काय लिहिलंय त्यावर भांडा.

पीएफच्या करासाठीही ते कारण उपयोगी पडतं. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागतो, पण मालकाने काम आवरतं घेतल्यामुळे किंवा तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर लागत नाही. कोलशेतताई, तुमची पाच वर्षं झालीत, हे बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी.

माजिवडा_नाका
पीएफ काढून कर्ज फेडायला माझा विरोध आहे. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, गृहकर्जाचा दरही त्याच आसपास असतो. मग हातातली रोकड संपवून मिळवणार काय? उद्या घरात आजारपण निघालं तर बँक ते पैसे परत देत नाही. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलंय की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील आणि उरलेले २५ टक्के बारा महिने बेकार राहिल्यावर. तो शेवटचा आधार म्हणून राहू द्या. फक्त लक्षात असू द्या, नोकरी सुटल्यानंतर त्यावर मिळणारं व्याज करपात्र धरतात. पेन्शनचा भाग तर काढूच नका, तो पुढच्या नोकरीत जोडून घ्या, एकूण दहा वर्षं झाली की पेन्शनचा हक्क लागतो. आणि यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते आजच बघा.

हप्त्याचं: हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जा. चुकल्यावर गेलेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, काही महिने फक्त व्याज भरता येईल का, हे लेखी विचारा. यातलं काही तुमचा हक्क नाही, बँकेच्या मर्जीवर आहे, पण खातं स्वच्छ असलेल्या ग्राहकाचं ऐकतात. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं, तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही. जे पैसे हातात येतील त्यातून आधी तीन-चार हप्त्यांची रक्कम त्याच खात्यात बाजूला ठेवा. एसआयपी थांबवा, त्यात काही बिघडत नाही. क्रेडिट कार्डावर मात्र एक रुपयाही फिरवत ठेवू नका, महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे घर पोखरणारं व्याज आहे.

कोलशेत_रोड
सर्वांचे खूप आभार. ईमेल आत्ता पाठवला. रबाळेदादा, मी रजा मंजूर करते, पण अप्रेझल मॅनेजर लिहितात आणि निम्मा दिवस केसेसच असतात. वकिलाला विचारते. विम्याबद्दल कोणी सांगेल का? मला सगळ्यात जास्त काळजी बाबांची, म्हणजे सासऱ्यांची आहे.

नौपाड्याची_लेक
ताई, विम्यात काम करते, तेव्हा हे नीट वाचा. ग्रुप पॉलिसीतलं संरक्षण बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. त्याआधी, म्हणजे नोकरीत असतानाच, त्याच विमा कंपनीला लेखी कळवा की ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जायचं आहे. असं गेलं तर आधीच्या आजारांसाठी घालवलेला प्रतीक्षा काळ जमेला धरतात. नव्याने घ्याल तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एप्रिल २०२४ पासून वयाची ६५ ची अट राहिलेली नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. तरी ७२ व्या वर्षी, हृदयाचा इतिहास असताना हप्ता जड असणार, ते गृहीत धरा.

म्हणून दुसरी वाट आजच सुरू करा. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, फक्त आधार लागतं. कार्ड आलं की बाबांचे डॉक्टर ज्या रुग्णालयात आहेत ते यादीत आहे का बघा. ते नसेल तर ठाण्यातलं दुसरं कोणतं आहे ते आत्ताच हेरून ठेवा, रात्री दोन वाजता शोधायची वेळ येऊ नये. तुम्हा तिघांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आता सगळ्या रेशनकार्डधारकांना.

आणि या कार्डाच्या ई-केवायसीला बाबा स्वतः लागतील. म्हणजे त्यांना सांगावं लागणारच आहे. मग ते तुमच्या तोंडून, सगळे घरी असताना कळू दे. सासूबाईंना शेजारच्या मावशींकडून कळलं तर त्यांना नोकरी गेल्याचं नाही, लपवल्याचं दुःख होईल. मुलीलाही दोन वाक्यांत सांगा: आईची नोकरी बदलते आहे, तुझा क्लास आणि शाळा तशीच चालू राहणार. दहावीच्या मुलांना घरातली कुजबुज जास्त घाबरवते.

झोपेचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण ते सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. फार वाईट झाल्यावरच करायचा असतो असं काही नाही.

वागळे_रोड२२
विषयाला धरूनच विचारतो. भावाची कंपनी इथेच वागळे इस्टेटला, पगार १९ हजार, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात. त्यालाही कमी केलंय. त्याला काही मिळेल का?

रबाळे_एमआयडीसी
ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून शाखा कार्यालयात जाऊन आताची मुदत विचारा. आणि भावाचं काम देखरेखीचं नसेल आणि वर्षभर सलग नोकरी झाली असेल तर त्याला वर लिहिलेली भरपाई पूर्ण लागू. त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली असेल तर उद्याच आयुक्त कार्यालयात जा, थांबू नका.

सानपाडा_लोकल
नोकरी शोधायला लागल्यावर व्हॉट्सॲपवर "घरबसल्या काम", "ट्रेनिंग डिपॉझिट भरा", "ऑफर लेटरसाठी रजिस्ट्रेशन" असे मेसेज धडाधड येतात, कारण तुमचा नंबर जॉब साइटवर उघडा असतो. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस खोटाच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

खरं काम ओळखीतून झालं. महापे आणि घणसोलीतल्या जुन्या सहकाऱ्यांना एकेकाला स्वतः फोन केला, सगळ्यांना एकच मेसेज पाठवला नाही. काय येतं, कधीपासून येऊ शकते, किती पगारापर्यंत खाली येईन, एवढं स्पष्ट सांगितलं. लोक मदत करतात, त्यांना नेमकं काय हवं ते कळलं पाहिजे. आणि घरात बसून अर्ज करू नका, जमलं तर रोज थोडा वेळ बाहेर बसा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तिथल्या शांततेत माझं डोकं चालायचं.

कोलशेत_रोड
अपडेट देते. ईमेलनंतर एचआरचा सूर बदलला. शुक्रवारची अट गेली आणि हिशोबाचा तक्ता आला. पॅकेजमध्ये खरोखरच ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे धरले होते, ते आता वेगळे दाखवलेत आणि त्यावरचा दोन महिन्यांचा पगार कायम आहे. वकिलांचं मत, व्याख्येवर लढता येईल पण वेळ लागेल. मला पगाराशिवाय तेवढं थांबणं परवडणार नाही, म्हणून तडजोड घ्यायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. विमा कंपनीला अर्ज दिला. काल जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पेन्शनमधून मुलीच्या क्लासची फी मी भरतो, आणि आधारकार्ड आणून हातात दिलं.

आता शेवटचा प्रश्न. नव्या मसुद्यात राजीनामा नाही, "परस्पर संमतीने सेवा समाप्ती" असं आहे, आणि खाली "यापुढे कंपनीवर माझी कोणतीही मागणी राहणार नाही". सही करू का?

वाशी_सेक्टर१७
"परस्पर संमतीने" चालेल, पण त्यापुढे "प्रोजेक्ट बंद झाल्यामुळे" हे शब्द घालून घ्या. ते घालायला फारसा विरोध होत नाही. खालच्या ओळीत "वरील तक्त्यातील सर्व रक्कम बँक खात्यात जमा झाल्यावर" एवढी भर मागा. नाही म्हणाले तर सहीच पैसे जमा झाल्यानंतर करा.

रबाळे_एमआयडीसी
आणि विम्याचा अर्ज पोचल्याची विमा कंपनीची पोच हातात आल्यावरच शेवटचा दिवस कबूल करा. तारीख आठवडाभर पुढे ढकलायला सांगितलं तर सहसा ऐकतात.