माहिती पोचते, पण कामी येत नाही: स्त्रियांच्या आरोग्यसाक्षरतेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. स्त्रियांसाठी आरोग्यविषयक माहितीची सत्रं होतात, तिथे मी स्वयंसेवक म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. रक्तदाब, मधुमेह, पाळीच्या तक्रारी, गर्भाशयमुखाचा कर्करोग, रजोनिवृत्ती असे विषय असतात. पत्रकं सोप्या भाषेत आहेत, चित्रं आहेत, बायका लक्ष देऊन ऐकतात. तरी पुढे फारसं काही घडत नाही. आरोग्यसाक्षरता म्हणजे आरोग्याची माहिती समजून ती स्वतःसाठी वापरता येणं, आणि तेच होत नाही. नेमकं कुठे अडतंय याबद्दल मला जे वाटतं ते आधी मांडते, मग प्रश्न विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एका सत्रानंतर पन्नाशीच्या एक बाई मागे थांबल्या. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी दाखवली, तर निम्म्याहून जास्त तशीच. "डोकं दुखलं की घेते," म्हणाल्या. सोबतच्या चिठ्ठीवर 'रोज सकाळी एक' असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि ते त्यांनी मला न अडखळता वाचून दाखवलं. बोलता बोलता कळलं की डॉक्टरांशी सगळं बोलणं मुलाने केलं, या बाहेर बाकावर बसल्या होत्या. काहीही त्रास होत नसला तरी रक्तदाब वाढलेला असू शकतो, म्हणून गोळी रोज घ्यायची, हे त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. मुलाला विचारावं तर तो कामात असतो. शिवाय पट्टी जितके दिवस पुरेल तितकं बरं, हाही हिशोब होताच.

या बाईंना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना प्रश्न विचारायला जागाच मिळाली नव्हती.

मी या विषयावर थोडं वाचलं. अमेरिकेतला 2006 सालचा एक अभ्यास आहे. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षरता असलेल्या रुग्णांपैकी सुमारे 71 टक्क्यांनी बरोबर वाचली, पण दिवसभरात किती गोळ्या घ्यायच्या हे मोजून दाखवणं जेमतेम 35 टक्क्यांना जमलं. म्हणजे वाचता येण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. 2011 साली युरोपातल्या आठ देशांत झालेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांची आरोग्यसाक्षरता अपुरी निघाली, आणि त्याच्याशी सर्वात घट्ट संबंध दिसला तो पैशाच्या ओढाताणीचा. शिक्षण, वय, समाजातलं स्थान हेही होतंच. हे वाचल्यावर पत्रकं आणखी सोपी करत बसण्यात मला फारसा अर्थ वाटेनासा झाला.

कारण स्त्रियांच्या बाबतीत यावर आणखी थर चढतात. तपासणीची वेळ आणि कामाची वेळ एकच. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस. फोन सगळ्यांचा मिळून एक, त्यावर अंगावरून जाण्याबद्दल शोधायचं म्हणजे उद्या कोणीतरी ते बघणार. परक्या भाषेच्या मुलखात राहणाऱ्या बाईचं दुभाष्याचं काम तर तिची शाळकरी मुलगी करते. आईला किती दिवस रक्तस्राव होतोय हे त्या पोरीने डॉक्टरांना सांगायचं! आई अर्धं गिळून टाकते, आणि मला त्यात तिचा काही दोष दिसत नाही.

आता प्रश्न. समजलं का असं विचारलं की सगळ्या 'हो' म्हणतात. परीक्षा घेतल्यासारखं न वाटता खरं कसं काढून घ्यावं? सोबत आलेल्या माणसाला न दुखावता बाईला स्वतः बोलता येईल असं काय करता येईल? आणि जिच्याकडे स्वतःचा फोन नाही तिच्यापर्यंत खाजगी माहिती कशी पोचवावी? दवाखान्यात काम करणाऱ्यांनी आणि स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, मी नर्स आहे. पहिल्या प्रश्नाचं सांगते. आम्ही 'टीच-बॅक' वापरतो. "समजलं का?" हा प्रश्नच टाळायचा. त्याऐवजी म्हणायचं, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी विचारलं तर ही गोळी कशी घ्यायची म्हणून सांगाल?" भार आपल्यावर घ्यायचा, बाईवर नाही. चुकलं तर वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. एका वेळी दोन-तीनच गोष्टी, जास्त नको.

सोबतच्या माणसाचं म्हणाल तर पहिली काही मिनिटं प्रत्येक बाईला एकटीलाच आत घ्यायचं, हा सरसकट नियम करून टाका. सगळ्यांनाच लागू म्हटल्यावर कोणी मनाला लावून घेत नाही. नंतर त्या माणसाला आत बोलवा, आणि काय ठरलं ते बाईलाच सांगू द्या. दुभाषी मात्र मूल नको म्हणजे नकोच. फोनवरून बोलणारा प्रशिक्षित दुभाषीही चालतो.

प्रतिसाद २

धाग्याबद्दल आभार. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी 2000 साली आरोग्यसाक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या: माहिती वाचून समजणं, ती संवादात वापरता येणं, आणि तिची चिकित्सा करून परिस्थितीवर पकड मिळवणं. तुमची सत्रं पहिल्या पायरीवर थांबत असावीत असं वाटतं. बायकांना तीन प्रश्न पाठ करून द्या: मला मुख्य त्रास काय आहे? मी काय करायचं? ते करणं का गरजेचं आहे? सत्रातच दोघीदोघींनी एकमेकींना हे मोठ्याने विचारायचा सराव करा. तोंडाने एकदा म्हटलेलं डॉक्टरांसमोर निघतं.

फोनचं म्हणाल तर संदेश पाठवूच नका. पुढच्या भेटीची वेळ ठरवून समोरासमोर बोला. लिहून द्यायचंच झालं तर कागदावर आजाराचं नाव नको. तपासणीची वेळ मात्र कामाच्या वेळेबाहेर मिळाली नाही, तर सत्रात कितीही जीव ओता, बाई येणार नाही. त्यासाठी दवाखान्याशीच भांडावं लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकटीला आत घेण्याचा नियम आणि दोघीदोघींचा सराव येत्या सत्रापासून सुरू करते. वेळेसाठी दवाखान्याला पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात बायकांच्या कामाच्या वेळा त्यांच्याकडूनच विचारून जोडणार आहे. एक शंका राहिलीच: गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दल "काही होत नाहीये, मग कशाला?" असं हमखास ऐकू येतं. त्रास सुरू होण्याआधीच पेशींमधले बदल सापडावेत म्हणून ही तपासणी असते, हे मी सांगते, मान हलते, पण जात कोणीच नाही. तपासणी करून आलेल्या एखाद्या बाईलाच सत्रात बोलायला सांगितलं तर फरक पडतो का? कोणी केलं असेल तर तिला संकोच न वाटता हे कसं जमवलं, ते सांगा.