मदत हवी आहे: रेड ५ मध्ये एक डिस्क मेली, दुसरी आचके देतेय

आमचा सर्व्हर ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. ८ टीबीच्या आठ डिस्क, लिनक्सवर एमडीअॅडमने (रेड बनवायचं साधन) केलेलं रेड ५, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच संच (अॅरे); त्यात एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दुसरी गेली तर नाही. काल रात्री तिसरी डिस्क बाद झाली. हॉट स्पेअर, म्हणजे आपोआप जागा घेणारी राखीव डिस्क, नाही (हो, चूक आमचीच). नवी डिस्क घालण्याआधी बाकीच्या सात स्मार्टकंट्रोलने (डिस्कची तब्येत तपासणारं साधन) तपासल्या, तर सहावीवर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) काल ८, आज २४. सगळ्या डिस्क एकाच खेपेतल्या, त्यामुळे छातीत धडधड.

रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभारणं) अजून सुरू केलेलं नाही. अॅरे रीड-ओन्ली माउंट केलाय, डेटाबेसचा ताजा बॅकअप दुसरीकडे आहे. पण स्कॅन केलेल्या कागदपत्रांचे ३१ टीबी फक्त इथेच आहेत आणि बाहेर मोकळी जागा जेमतेम १२ टीबी. नव्या डिस्क दोनच, त्याही ८ टीबीच्या. शनिवार रात्रीपर्यंत सर्व्हर बंद ठेवता येईल. 'रेड म्हणजे बॅकअप नव्हे' हे कळलंय, पुढे रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं) करणारच आहोत.

आत्ता प्रश्न एवढाच: अॅरे थांबवून सहावी डिस्क आधी डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं साधन) नव्या डिस्कवर उतरवून मग रिबिल्ड करू, की आधी महत्त्वाचे १२ टीबी बाहेर काढू? आणि क्लोनमध्ये, म्हणजे त्या प्रतीत, काही सेक्टर वाचलेच गेले नाहीत, तर रिबिल्डनंतर नेमक्या कोणत्या फाइल खराब झाल्या हे कसं शोधायचं? फाइलसिस्टम एक्सटी४ आहे.