बिलो-१६०० स्पर्धेत रेटिंग पाडून येणाऱ्यांना कसं रोखायचं?

मंडळी, मदत हवी आहे. तालुक्याला १६००च्या आतलं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) असलेल्यांसाठी बुद्धिबळाची फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग स्पर्धा घ्यायचा विचार आहे. डोकेदुखी एकच: बक्षिसावर डोळा ठेवून मुद्दाम हरणारे. के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) २० असलेला बरोबरीच्या खेळाडूशी हरला की १० गुण जातात. म्हणजे १६४०वाल्याने पाच डाव सोडले की तो आमच्या यादीत हजर! बाराव्या चालीला वजीर फुकट देऊन हसत हात मिळवणारा पाहिलाय मी.

पण शाळकरी पोरांचा के ४०, त्यांचं रेटिंग तसंही झपाट्याने खालीवर होतं. त्यांना उगाच चोर ठरवायचं नाही. म्हणून प्रवेशासाठी गेल्या वर्षभरातलं सर्वोच्च रेटिंग धरावं म्हणतोय. असा नियम परिपत्रकात कोणी घातलाय का? नेमकं काय लिहिलंत? पालक भांडले का? आणि बक्षिसं कमी ठेवली तर एंट्र्या घटतात का?