नर्सिंगच्या विद्यार्थ्याने आकडे कळवून थांबावं, की पेशंटबद्दल स्वतःचं मतही मांडावं?

नर्सिंग ट्यूटर, इंदूर (धागा यांचा)

मी इथे इंदुरात बीएससी नर्सिंगला शिकवते. वॉर्डात पोस्टिंगला गेलेल्या मुलामुलींसाठी एक जुना दंडक आहे: टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, बीपी घ्या, चार्टवर लिहा, वेगळं काही दिसलं तर इन्चार्ज सिस्टरला सांगा. पेशंटला काय होत असेल याचा विचार तुमच्याकडे नाही. हा दंडक मला मान्य नाही.

पावसाळा सरला की इथले मेडिसिनचे वॉर्ड डेंग्यूने भरतात. वर्गात मी एक चार्ट फळ्यावर लिहिते. पंचविशीचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस. ताप ९८.६, नाडी ९६, श्वास २०, सॅच्युरेशन ९८, बीपी १०६/८८. कसा आहे? बहुतेक वह्यांत उत्तर येतं, ‘ॲफेब्राइल, व्हायटल्स स्टेबल’, म्हणजे ताप नाही, बाकी आकडे ठीक. घरचेही त्याच वेळी हायसे होऊन सुट्टी कधी मिळेल ते विचारत असतात. पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झिरपायला लागतो आणि हे साधारण २४ ते ४८ तास चालतं. वरचं बीपी टिकून असतं, खालचं वर सरकत जातं. १०६ मधून ८८ वजा करा. १८ उरतात. हा फरक २० किंवा त्याहून कमी झाला की पेशंट शॉकच्या दारात आहे असं धरायचं. हात लावला तर पंजे गार असतात. नख दाबून सोडलं तर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, मुलगा तळमळतो नाहीतर एकदम सुस्त पडतो. चार्टवरचा प्रत्येक आकडा बरोबर आहे आणि तरी मुलगा हातातून निसटतोय.

ख्रिस्टीन टॅनर या अमेरिकन नर्सिंग प्राध्यापिकेने २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाच्या चार पायऱ्या मांडल्या: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि नंतर आपण काय केलं ते तपासणं. आपण पहिली आणि तिसरी शिकवतो. दुसरी डॉक्टरांची समजतो आणि चौथी कुणाचीच नसते. म्हणून तर केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा) सीनियरच्या फाईलवरून उतरतो, आणि ताप उतरलेल्या पेशंटच्या कागदावर ‘हायपरथर्मिया’ (अंग तापलेलं) हेच नर्सिंग डायग्नोसिस तिसऱ्या दिवशीही दिसतं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ड्युटीत विद्यार्थ्याने एकाच पेशंटबद्दल तीन ओळी लिहाव्यात: मी काय पाहिलं, मला काय वाटतं आणि का, पुढच्या तासात कशावर लक्ष ठेवीन. ट्यूटरने त्याच पलंगाशी उभं राहून त्या तपासाव्यात.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, लोकमान्यनगर

ताई, तळमळ कळते, पण मी याच्या विरोधात आहे.

तुम्ही टॅनरबाईंचं नाव घेतलंत, मी पॅट्रिशिया बेनरचं घेते, त्याही अमेरिकेतल्या नर्सिंग प्राध्यापिका. नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत नर्स पाच पायऱ्या चढते हे त्यांनी १९८४ मध्येच मांडलं. नवशिक्याला प्रसंगाचा अनुभव नसतो, म्हणून त्याला नियमच लागतो. वीस-पंचवीस वर्षांची सिस्टर दारातून पाहूनच ‘त्या पलंगावरचा बरा नाही’ म्हणते, तेव्हा तिच्यामागे शेकडो पेशंट उभे असतात. विद्यार्थिनीच्या मागे काय असतं?

आणि अर्धवट अर्थ लावल्याने काय होतं तेही लिहिते. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट अस्वस्थ आहे, मास्क ओढून काढतोय. मुलीने अर्थ लावला की घाबरलाय. तिने धीर दिला, पाठीवरून हात फिरवला. अस्वस्थपणा ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची सगळ्यात आधीची खूण असू शकते. तीच मुलगी नुसतं ‘सिस्टर, सात नंबर अस्वस्थ आहे, सॅच्युरेशन ९२’ एवढंच म्हणाली असती तर मी धावले असते. अर्थ लावला म्हणून ती थांबली.

त्यापेक्षा न्यूज स्कोर शिकवा, म्हणजे पेशंट बिघडतोय का हे गुणांवरून ओळखायचा तक्ता. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्धीवर आहे का, ताप, या प्रत्येकाला गुण द्यायचे. बेरीज ५ झाली की तातडीने कळवा, ७ झाली की सगळं सोडून बोलवा, एकाच रकान्यात ३ आले तरी कळवा. तिथे कुणाच्या मताचा प्रश्नच येत नाही.

सहावं सेमिस्टर

मॅडम, सिस्टर, दोघींना नमस्कार. मी विद्यार्थिनी आहे, आमच्या बाजूने लिहिते.

आकडा कळवायला तरी आकडा खरा हवा ना? वॉर्डाचा टीपीआर चार्ट उघडला तर श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २०, १८, २०. एका पोस्टिंगला मी एका आजींचा श्वास पूर्ण मिनिट मोजला. त्या धारकडच्या होत्या, नुसतं ‘घबराहट हो रही है’ म्हणत होत्या. २६ आले. आधीच्या तिन्ही वेळी २० लिहिलेलं होतं. मी सांगायला गेले तर उत्तर मिळालं, तू स्टुडंट आहेस, तुला मोजता येत नसेल. मी परत मोजलं, मानेचे स्नायू ओढले जात होते तेही सांगितलं, तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं.

सिस्टर, तुमच्याच स्कोरमध्ये २५ च्या पुढच्या श्वासाला एकट्याला ३ मिळतात. नियम होता. पण तो लागू करायला कुणीतरी आजींकडे पाहून ‘हे बरोबर वाटत नाही’ असं म्हणावं लागलं. ज्याला आधीपासून सांगितलंय की वाटणं तुझं काम नाही, तो परत मोजणारच नाही.

मेडिसिन रेसिडेंट

मी सिस्टरांच्या बाजूचा आहे, पण माझं कारण निराळं आहे.

रात्री दोनला फोन येतो, ‘सर, पेशंट ठीक वाटत नाही.’ मी दुसऱ्या मजल्यावर एका अत्यवस्थ पेशंटपाशी असतो. या वाक्यावरून मी काय ठरवू? मला पेशंट कोण, कशासाठी आहे, आत्ताचे आकडे काय, तासाभरापूर्वी काय होते, एवढं हवं असतं. एसबीएआर ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून दवाखान्यांत आली: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं निरीक्षण, आणि माझ्याकडून काय हवं. आधी एवढं शिकवा.

सिस्टरांशी एका ठिकाणी मात्र मतभेद आहे. रक्तस्राव होत असताना बीपी सगळ्यात शेवटी पडतं, नाडी आधी वाढते. पण पेशंट मेटोप्रोलॉलवर (नाडी मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी) असेल तर नाडीही ८० वरच अडकून राहते. स्कोरला तो पेशंट गोळी खातो हे ठाऊक नसतं. ते नर्सला ठाऊक हवं. तेव्हा कागदावर बेरीज ० आली म्हणून मी निर्धास्त झोपू शकत नाही.

नर्सिंग ट्यूटर, इंदूर

डॉक्टर, एसबीएआरमधला ‘ए’ म्हणजे असेसमेंट. तिथे नर्सने ‘मला वाटतं याला रक्तस्राव होतोय’ हे म्हणणं अपेक्षितच आहे. आपल्याकडे ते अक्षर आलं की मुली पुन्हा आकडेच वाचतात, कारण त्यापुढे बोलायची मुभा कधी मिळालेलीच नसते.

सिस्टर, तुमच्या स्कोरने माझ्या डेंग्यूच्या मुलाला गुण देऊन बघू. ताप ०, श्वास ०, सॅच्युरेशन ०, शुद्धीवर आहे म्हणून ०. नाडी ९६ ला १. बीपी १०६ ला १. बेरीज २. म्हणजे कमी धोका, पुढची तपासणी चार ते सहा तासांनी चालेल. खालच्या बीपीला त्या तक्त्यात रकानाच नाही. चार तासांत त्या मुलाचं काय होईल हे तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, लोकमान्यनगर

पाहिलंय. पण ताई, तो फरक २० किंवा त्याहून कमी होता कामा नये हासुद्धा नियमच आहे! डेंग्यूच्या मार्गदर्शक सूचनांत तो लिहिलेला आहे. डेंग्यूच्या प्रत्येक चार्टवर वजाबाकीचा एक रकाना वाढवा, झालं काम. त्यासाठी विद्यार्थ्याला विचारवंत करायची गरज नाही.

मॅग्नेशियम सल्फेटचं उदाहरण घ्या. झटके आलेल्या बाळंतिणीला पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याचा झटका येतोय का (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो तो), श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. एकही कमी असेल तर डोस थांबवायचा, डॉक्टरांना बोलवायचं, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. मी पिढ्यान्पिढ्या मुलींना हे पाठ करवलं. का ते विचारू नका, आधी करा, असंच शिकवलं. त्या नियमाने बायका वाचल्यात.

परदेशाच्या तयारीत

इंदूरचीच आहे, सध्या एनक्लेक्सचा अभ्यास करतेय. एप्रिल २०२३ पासून अमेरिकेची ही परीक्षा बदलली. आता पेशंटची पूर्ण फाईल समोर ठेवतात: नोट्स, लॅब, तासातासाचे व्हायटल्स. त्यातलं महत्त्वाचं काय, त्याचा अर्थ काय, आधी कशाकडे बघाल, काय काय करता येईल, त्यातलं काय कराल, आणि उपचाराचा गुण आला हे कशावरून ओळखाल, अशा सहा पायऱ्यांनी विचारतात. नर्स म्हणून पहिलं लायसन्स मिळण्याआधी हे येतं. म्हणजे निर्णय ही वीस वर्षांनंतरची गोष्ट नाही असं तिथे धरलंय.

मला हा अभ्यास अवघड जातोय तो इंग्रजीमुळे नव्हे. चार बरोबर गोष्टींतली पहिली कोणती, हे चार वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं.

एका पेशंटचा मुलगा, सुदामानगर

वैद्यकातलं मला कळत नाही. आईला घेऊन महिनाभर वॉर्डात होतो. तिच्याशी सगळ्यात जास्त वेळ कोण बोललं असेल तर शिकाऊ मुली. तिने रात्री जेवण टाकलं, ती रोजच्यापेक्षा गप्प आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. पण एक विचारतो. उद्या एखादीचं मत चुकलं आणि आईला इजा झाली तर जबाबदार कोण? ती वीस वर्षांची पोर? तिच्या ट्यूटर? की कुणीच नाही?

नर्सिंग ट्यूटर, इंदूर

दादा, जबाबदारी ड्युटीवरच्या सिस्टरची आणि माझी, विद्यार्थ्याची नाही. म्हणूनच मी एक हद्द घालते आणि ती सिस्टरांच्या अस्वस्थ पेशंटलाही लागू आहे. विद्यार्थ्याने आपलं मत हाक लवकर मारायला वापरायचं, हाक टाळायला कधीच नाही. स्कोर २ आहे पण मला शंका येते, मग बोलवा. स्कोर ७ आहे पण मला वाटतं घाबरलाय, तरीही बोलवाच. ‘घाबरलाय’ ही शंका वहीत लिहा, पण ती डॉक्टर येऊन गेल्यावर.

सिस्टर, तीन गोष्टींचा तुमचा नियम मी शब्दशः तसाच शिकवते. त्यापुढे एवढंच सांगते की मॅग्नेशियम वाढत जातं तसा आधी गुडघ्याचा झटका जातो आणि मग श्वास मंदावतो, आणि ते लघवीतूनच बाहेर पडतं, म्हणून लघवी कमी झाली की साठत जातं. हे कळलेली मुलगी दोन डोसांच्या मधल्या वेळातसुद्धा लघवीच्या पिशवीकडे बघते. पाठ केलेली मुलगी डोसाच्या वेळीच बघते. आणि रकाना वाढवण्याचं म्हणाल तर डेंग्यूला वाढवाल, मग बीटा ब्लॉकरवाल्यांना, मग साखर पडणाऱ्यांना, मग बाळंतिणींना. समोरच्या पेशंटला कोणता तक्ता लावायचा हे कोणत्या तक्त्यात लिहिणार?

मेडिसिन रेसिडेंट

‘लवकर बोलवा, टाळू नका’ हे मान्य. पण मग फुकटच्या हाका वाढतील, त्याचं काय? एका रात्रीत शंकेच्या दहा हाका आल्या तर अकराव्या वेळी माझे पाय जड होतील. माणूस आहे.

सहावं सेमिस्टर

सर, म्हणून विद्यार्थ्याची हाक थेट तुमच्याकडे न येता आधी सिस्टरकडे जाऊ दे. सिस्टर पलंगाशी येऊन स्वतः बघतील आणि मग ठरवतील. आम्हाला तेवढंच हवंय, कुणीतरी पलंगापर्यंत यावं.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, लोकमान्यनगर

या पोरीचं म्हणणं मला पटलं. ताईंची हद्दही पटली. तीन ओळींच्या वहीबद्दल मात्र अजून शंका आहे, कारण ती वहीसुद्धा सीनियरच्या वहीवरून उतरेल. पलंगाशी ट्यूटर उभी राहणार असेल तरच तिला अर्थ आहे, आणि सकाळच्या पोस्टिंगला एकेका ट्यूटरमागे किती पोरं असतात हे तुम्हीच सांगा. आधी कॉलेजकडून तेवढ्या ट्यूटर मागा. तोवर पहिल्या दोन सेमिस्टरना नुसतं मोजायला शिकवा, पूर्ण मिनिट, घड्याळ हातात घेऊन. तिसऱ्यापासून मत लिहू द्या.

नर्सिंग ट्यूटर, इंदूर

पूर्ण मिनिट मोजण्याचं कबूल, पहिल्या दिवसापासून. पण दोन सेमिस्टर थांबणं नाही. पहिल्याच पोस्टिंगला मुलगी आजींचा हात हातात घेते, तेव्हा तो गार लागला तर तिला प्रश्न पडतोच. तो दाबायला मी शिकवणार नाही.

ट्यूटरच्या संख्येचं तुमचं म्हणणं खरं आहे. सोमवारच्या बैठकीत हाच मुद्दा मांडते आहे. मेडिसिन वॉर्डापुरतं का होईना, एका ट्यूटरकडे किती विद्यार्थी असले तर रोज प्रत्येकाच्या एका पेशंटपाशी उभं राहता येईल, याचा तुमच्या अनुभवातला आकडा लिहाल का?

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, लोकमान्यनगर

आठ. त्याहून एकही जास्त नको.